पोटातल्या संगमावर

डोळे पिवळे दिसायला लागले, लघवी गडद झाली, की महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आधी चौकशी होते ती काविळीचं औषध देणाऱ्याची. कुणाला गळ्यात मुळीची माळ घालतात आणि ती सैल होत खाली उतरली की कावीळ उतरली म्हणतात. कुठे चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावून पिवळं झालेलं पाणी दाखवतात, कुठे नाकात थेंब सोडतात. या उपायांचा बोलबाला टिकून आहे त्यामागे साधं कारण आहे. आपल्याकडे बहुतेक काविळी दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंच्या असतात आणि काही आठवड्यांत त्या बहुधा आपोआप बऱ्या होतात. श्रेय माळेला मिळतं.

पण साठीच्या आसपासच्या एखाद्या माणसाला ताप नाही, पोटात फारसं दुखत नाही, तरी कावीळ रोज वाढतेच आहे, रात्रभर अंगाला खाज सुटते, शौचाचा रंग पांढुरका, मातकट झालाय आणि कपडे ढगळ होऊ लागलेत, असं असेल तर ती कावीळ निराळी. तिथे यकृताचा दोष नसतो. यकृत पित्त तयार करतच असतं, ते आतड्यात उतरायची वाट बंद झालेली असते. आणि ती वाट जिथे बंद होते ती जागा बऱ्याचदा स्वादुपिंडाच्या डोक्यात असते.

स्वादुपिंड, म्हणजेच पॅनक्रियाज, जठराच्या मागे आणि पाठीच्या कण्याच्या पुढे आडवं पसरलेलं असतं. लांबी साधारण १५ सेंटिमीटर, वजन १०० ग्रॅमच्या आतबाहेर. शरीरशास्त्रात त्याचे डोकं, मान, धड आणि शेपूट असे भाग मानतात. शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत जाते. डोकं मध्यरेषेच्या उजवीकडे असतं आणि जठरातून निघालेलं आद्यांत्र, म्हणजे ड्युओडिनम, त्याला तीन बाजूंनी वेढून असतं. दोघांचा रक्तपुरवठाही सामाईक. त्यामुळे एकाला धक्का न लावता दुसरं काढून टाकणं फार अवघड असतं. या मुद्द्याला पुढे शस्त्रक्रियेच्या टेबलावर भलतंच महत्त्व येतं.

शेजारही साधासुधा नाही. डोक्याच्या पाठीशी शरीराच्या खालच्या अर्ध्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणारी महाशीर आहे. डोक्याचाच एक आकड्यासारखा भाग वळून आतड्यांच्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मागे शिरतो. मानेच्या मागे यकृताकडे जाणारी पोर्टल शीर तयार होते. आणि यकृताकडून येणारी पित्तनलिका आद्यांत्रात शिरण्याआधी बहुतेकांमध्ये याच डोक्याच्या मागच्या भागातून आरपार जाते.

पित्तनलिकेला दुसरी वाट नव्हती का? याचं उत्तर गर्भावस्थेत आहे. स्वादुपिंड सुरुवातीला एक नसतंच. आद्य आतड्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला दोन वेगळे कोंब फुटतात. पुढचा कोंब पित्तनलिकेच्या बुडाशी उगवतो आणि आतडं वळतं तसा तिच्यासकट फिरून मागच्या कोंबाला जाऊन भेटतो. साधारण सातव्या आठवड्यात दोघं जुळतात. डोक्याचा खालचा भाग आणि तो आकडा या फिरून आलेल्या कोंबापासून बनतात, बाकी सगळं स्वादुपिंड दुसऱ्यापासून. पेशींची घडणही थोडी वेगळी राहते. भूक आणि पचनाशी संबंध असलेलं एक संप्रेरक बनवणाऱ्या पीपी पेशी डोक्याच्या या खालच्या भागात जास्त सापडतात.

जुळणी कधीकधी फसते. शंभरातल्या पाच ते दहा जणांमध्ये दोन्ही कोंबांच्या नलिका एकमेकींना जोडल्याच जात नाहीत आणि त्यातल्या बहुतेकांना जन्मभर त्याचा पत्ता लागत नाही. क्वचित पुढचा कोंब नीट न फिरता आद्यांत्राभोवती कडं करून बसतो. मग जन्मलेलं बाळ दूध टिकू देत नाही, सतत उलट्या करतं आणि एक्स-रेवर जठरात एक आणि आद्यांत्रात एक असे हवेचे दोन बुडबुडे दिसतात. तो एक्स-रे पाहिला की बालशल्यचिकित्सक ऑपरेशनच्या तयारीला लागतात.

सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा आणि वारणा मिळतात. संगमाच्या खाली पाणी तुंबलं की फुगवटा दोन्ही नद्यांत मागे चढतो, हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. स्वादुपिंडाच्या डोक्यापाशी हेच घडतं. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची मुख्य नलिका इथे शेजारी येतात, बहुतेकांमध्ये एकत्र होतात आणि एका छोट्या उंचवट्यावरच्या तोंडातून आद्यांत्रात उघडतात. जर्मन शरीरशास्त्रज्ञ आब्राहाम व्हाटर यांनी १७२० मध्ये तिचं वर्णन केल्यामुळे ही जागा त्यांच्या नावाने ओळखली जाते. तोंडावरचा स्नायूचा दरवाजा १८८७ मध्ये इटलीतल्या रुज्जेरो ओद्दी यांनी विद्यार्थिदशेतच अभ्यासला. या तोंडाशी खडा अडको, गाठ येवो की सूज, फुगवटा पित्ताकडे जातो, स्वादुपिंडाकडे जातो किंवा दोन्हीकडे. स्वादुपिंडाच्या डोक्याचे निम्म्याहून अधिक आजार या एका गोष्टीवरून उलगडतात.

स्वादुपिंडाच्या मुख्य नलिकेचा शोध तर थरारकथेत शोभेल असा. १६४२ साली इटलीतल्या पादुआत योहान गेओर्ग व्हिर्झुंग हा जर्मन शरीरशास्त्रज्ञ फाशी दिलेल्या एका गुन्हेगाराच्या देहाचं विच्छेदन करत होता. स्वादुपिंडाच्या लांबीभर धावणारी एक नळी त्याला दिसली. ती रक्तवाहिनी म्हणावी, तर तिच्यात रक्त नव्हतं. त्याने तांब्याच्या पत्र्यावर तिचं चित्र कोरलं, त्याच्या प्रती काढून युरोपातल्या नामांकित शरीरशास्त्रज्ञांना पाठवल्या आणि ही नळी नेमकी काय करते असं त्यांना विचारलं. समाधानकारक उत्तर मिळायच्या आत, ऑगस्ट १६४३ मध्ये, त्याच्याच घराच्या दाराशी त्याला गोळी घालून मारण्यात आलं. शोधाच्या श्रेयावरून तंटे नंतरही चालू राहिले. मॉरिट्झ होफमान या त्याच्या सहाध्यायाने पुढे दावा केला, की ती नळी आपण आधीच एका पक्ष्याच्या पोटात पाहिली होती आणि व्हिर्झुंगला दाखवलीही होती. नळीला नाव मात्र व्हिर्झुंगचंच राहिलं.

त्या नळीतून रोज सुमारे दीड लिटर पाचकरस वाहतो. जठरातून उतरणारं अन्न आम्लाने भरलेलं असतं, आणि या रसातला बायकार्बोनेट ते आम्ल मारतो. मग भाकरीतला स्टार्च, पिठल्यातली प्रथिनं, वरून सोडलेलं तेल किंवा तूप, प्रत्येकासाठी वेगळं विकर कामाला लागतं. प्रथिनं फोडणारी विकरं इतकी जहाल असतात की ती तयार होताना निद्रिस्त ठेवावी लागतात, नाहीतर ती ग्रंथीलाच पचवतील. ट्रिप्सिनोजेन हे असंच एक निद्रिस्त विकर. आद्यांत्राच्या अस्तरातलं दुसरं एक विकर त्याला जागं करतं, त्याचं ट्रिप्सिन होतं आणि ते बाकीच्यांना उठवतं. जागं व्हायची जागा संगमाच्या पलीकडे असण्यावर सगळी सुरक्षितता अवलंबून आहे.

रस सोडायची वेळ स्वादुपिंडाला कशी कळते? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियाच्या पावलोव यांचं मत सर्वमान्य होतं, की हा निरोप मज्जातंतू नेतात. १९०२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या मेहुण्यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याचे सगळे मज्जातंतू तोडले आणि त्यात आम्ल घातलं. रस तरीही वाहू लागला. मग त्यांनी आतड्याचं अस्तर खरवडून आम्लात खललं, गाळलं आणि ते द्रावण शिरेत टोचलं. पुन्हा रस. म्हणजे निरोप रक्तातून जात होता. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटलं, आणि असे निरोप्ये शरीरात आणखीही असणार हे ओळखून स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये हॉर्मोन हा शब्द वापरात आणला. हॉर्मोनचं नाव काढलं की आज लोकांना थायरॉइड, नाहीतर पौगंडावस्था आठवते. या शास्त्राचा पाया आतड्याच्या त्या तुकड्यावर घातला गेला हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

इन्सुलिनही स्वादुपिंडातच बनतं, लांगरहान्सची बेटं म्हणतात त्या पेशींच्या पुंजक्यांमध्ये. ही बेटं शेपटीकडे जास्त दाट असतात. त्यामुळे डोकं काढून टाकल्यावर प्रत्येकाला मधुमेह होतोच असं नाही.

आता बिघाडांकडे. १९०१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात यूजीन ओपी या तरुण डॉक्टरने स्वादुपिंडाच्या भीषण दाहाने दगावलेल्या एका रुग्णाचं शवविच्छेदन केलं. पित्ताशयातून निसटलेला एक बारीकसा खडा अगदी संगमाच्या तोंडाशी रुतून बसलेला त्यांना आढळला. पित्तखडे आणि तीव्र पॅनक्रिएटायटिस यांचं नातं तिथून पक्कं झालं. आजही या दुखण्याची दोन प्रमुख कारणं म्हणजे पित्तखडे आणि दारू. पोटाच्या वरच्या भागात उठून थेट पाठीत जाणारी कळ, पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटणं, उलट्या, अशी याची ओळख. नेहमीची ॲसिडिटी समजून सोडा पिऊन रात्र काढणारे दुसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागात पोचल्याची उदाहरणं डॉक्टरांना नवी नाहीत.

क्वचित घडणारी कारणंही चमत्कारिक आहेत. वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावरच्या एका जातीच्या विंचवाने नांगी मारली तर स्वादुपिंडाला सूज येते. वैद्यकीय परीक्षांमध्ये हा प्रश्न आवडीने विचारला जातो. (कोकणातला लाल विंचू मुख्यतः हृदयाला घाला घालतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून त्यावर शोधलेला उपचार जगभर गेला.) काश्मीरच्या खोऱ्यात पोटातले जंत आद्यांत्रातून उलटे चढून संगमाच्या तोंडात शिरतात आणि पित्तमार्ग, प्रसंगी स्वादुपिंडही, सुजवतात. श्रीनगरच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांचा अभ्यास गेल्या शतकाच्या अखेरीस मोठ्या प्रमाणावर प्रसिद्ध केला.

दाह वर्षानुवर्षं रेंगाळला की स्वादुपिंड आकसतं, कडक होतं, नलिकेत खडे धरतात. केरळमध्ये दारूला कधी न शिवलेल्या तरुणांनाही हा आजार मोठ्या संख्येने होत असल्याचं डॉ. जीवर्गीज यांनी १९६० च्या दशकात दाखवलं. आधी संशय टॅपिओका कंदावर होता, तो काही सिद्ध झाला नाही. पुढे जनुकांतले बदल सापडत गेले. जीर्ण दाहात वेदनेचं मूळ बहुतेकदा सुजून टणक झालेल्या डोक्यात असतं, असं शल्यचिकित्सक सांगतात. म्हणून जर्मनीत हान्स बेगर यांनी आणि अमेरिकेत चार्ल्स फ्रे यांनी आद्यांत्र शाबूत ठेवून डोक्याचा आतला भाग कोरून काढणाऱ्या शस्त्रक्रिया बसवल्या. आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांतही त्या होतात.

कर्करोगाचं नाव मात्र सगळ्यात धास्तीचं. स्वादुपिंडाच्या कर्करोगांपैकी ६० ते ७० टक्के डोक्यात होतात. आणि इथे निसर्गाने एक विचित्र सवलत दिली आहे. शेपटीतली गाठ महिनोन्‌महिने गुपचूप वाढते, कळते तेव्हा बहुधा यकृतात पसरलेली असते. डोक्यातली गाठ मात्र शेजारून जाणारी पित्तनलिका दाबते आणि डोळे पिवळे करून स्वतःची वर्दी देते. ही वर्दी वेळेवर वाचली तर काही करता येतं. माळ घालून, पथ्यपाणी करत दोन महिने गेले तर सवलत वाया जाते.

स्वित्झर्लंडमधल्या बाझलचे शल्यचिकित्सक लुडविग कुर्वोआझिए यांनी १८९० मध्ये एक खूण नोंदवून ठेवली. काविळीच्या रुग्णाच्या उजव्या बरगडीखाली फुगलेलं पित्ताशय हाताला लागत असेल तर कारण खडा असण्याची शक्यता कमी. खड्यांनी बरीच वर्षं छळलेलं पित्ताशय जाड होऊन आकसलेलं असतं, ते फुगत नाही. सोनोग्राफी, सीटी स्कॅन आल्यावरही नवशिक्या डॉक्टरांना ही खूण शिकवली जाते. स्कॅनवर पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका दोन्ही रुंदावलेल्या दिसल्या, की रेडिऑलॉजिस्टची नजर आधी डोक्याकडे वळते.

डोक्यात दिसणारी प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, हेही तितकंच खरं. शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच स्वादुपिंडावर हल्ला केला तर हुबेहूब तसाच फुगवटा आणि तशीच कावीळ होते, आणि ती स्टेरॉइडच्या गोळ्यांनी वितळते. आपल्या देशात क्षयरोगही हे सोंग घेतो. डोक्यालगतच्या लसिकाग्रंथी क्षयाने सुजून पित्तनलिका दाबतात आणि क्षयाच्या औषधांनी बऱ्या होतात. म्हणूनच शंका असेल तिथे एंडोस्कोपच्या टोकाला बसवलेल्या सोनोग्राफीने आतून सुई घालून तुकडा काढतात.

खरोखर कर्करोग असेल आणि मोठ्या रक्तवाहिन्या, यकृत वाचलेलं असेल, तर उपाय व्हिपल शस्त्रक्रियेचा. निदानाच्या वेळी इतक्या सुस्थितीत असलेले रुग्ण शंभरात पंधरा-वीसच. या शस्त्रक्रियेत डोक्यासोबत आद्यांत्र, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि बऱ्याचदा जठराचा तुकडाही जातो. नंतर आतडं वर ओढून तीन ठिकाणी जोडायचं: उरलेल्या स्वादुपिंडाला, पित्तनलिकेला आणि जठराला. पहिली जोडणी सर्वांत बेभरवशाची. निरोगी स्वादुपिंड इतकं मऊ असतं की टाका धरत नाही, आणि तिथून रस गळाला तर तो आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांनाही खाऊ लागतो.

न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये ही शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत मांडली. बर्लिनच्या वाल्टर काउश यांनी १९०९ मध्येच असं ऑपरेशन केलं होतं, पण नाव व्हिपल यांचं रूढ झालं. दोन टप्पे का, तर कावीळ झालेला रुग्ण टेबलावर रक्तस्रावाने जाण्याची भीती. पित्त आतड्यात पोचलं नाही की चरबीत विरघळणारं के जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि रक्त गोठत नाही. म्हणून आधी कावीळ उतरवायची, मग काही आठवड्यांनी गाठ काढायची. १९४० मध्ये व्हिपल परदेशी पाहुण्यांसमोर जठराच्या गाठीचं ऑपरेशन करायला उभे राहिले, पोट उघडल्यावर गाठ निघाली स्वादुपिंडाच्या डोक्यात. रुग्णाला कावीळ नव्हती. त्यांनी एका बैठकीतच सगळं काढलं. पुढे के जीवनसत्त्व औषध म्हणून हाताशी आल्यावर एक टप्पा हाच रिवाज झाला.

व्हिपल यांनी आयुष्यभरात अशी ३७ ऑपरेशनं केली. जॉन्स हॉपकिन्सचे जॉन कॅमेरॉन यांनी २००० चा आकडा ओलांडला. या फरकात बरंच काही आहे. एकेकाळी या ऑपरेशनमध्ये चारातला एक रुग्ण दगावायचा आणि ते बंदच करावं असं १९७० च्या सुमारास काही नामवंत सर्जन जाहीरपणे म्हणत. आज वर्षाला अशी भरपूर ऑपरेशनं करणाऱ्या केंद्रांत मृत्यूचं प्रमाण पाच टक्क्यांखाली आलं आहे, क्वचित ऑपरेशन होणाऱ्या ठिकाणी ते बरंच जास्त राहतं. तेव्हा रुग्णालय चकचकीत आहे का, यापेक्षा इथे वर्षाला किती व्हिपल होतात, हा प्रश्न नातेवाइकांनी बिनदिक्कत विचारावा. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल अशा केंद्रांपैकी एक.

ऑपरेशन झालं म्हणजे आजार संपला असं मानणं चुकीचं. स्वतःच्या ‘शेवटच्या व्याख्याना’मुळे जगभर माहीत झालेले अमेरिकन प्राध्यापक रँडी पॉश यांची व्हिपल शस्त्रक्रिया २००६ मध्ये झाली, जुलै २००८ मध्ये ते गेले. स्टीव्ह जॉब्ज यांची गाठ निराळ्या, सावकाश वाढणाऱ्या जातीची होती. २००३ मध्ये निदान झाल्यावर त्यांनी आहार आणि पर्यायी उपचारांत नऊ महिने घालवले, २००४ मध्ये ऑपरेशन करून घेतलं आणि २०११ पर्यंत ते जगले. शिक्षण, पैसा, माहिती यांपैकी कशाचीही वाण नसलेला माणूसही चाकू टाळण्यासाठी काय काय करून पाहतो, हे त्यातून दिसतं. आपल्याकडे या रोगाचं नाव घराघरांत पोचलं ते गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या आजारपणामुळे. नाकात नळी असताना मांडवीवरच्या नव्या पुलाची पाहणी करणारे पर्रीकर लोकांनी पाहिले. १७ मार्च २०१९ रोजी वयाच्या ६३ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

औषधांनी थोडी वाट पुढे नेली आहे. ऑपरेशननंतर चार औषधांची एकत्रित केमोथेरपी घेतलेल्या रुग्णांपैकी निम्मे ५४ महिन्यांहून अधिक जगले, जुन्या एका औषधावर हाच आकडा ३५ महिने होता, असं फ्रान्स आणि कॅनडात झालेल्या चाचणीने २०१८ मध्ये दाखवलं. निवडक, धडधाकट रुग्णांचे हे आकडे आहेत, सरसकट सगळ्यांचे नव्हेत.

कारणांमध्ये जे आपल्या हातात आहे त्यात तंबाखू पहिली. फक्त विडी-सिगारेट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने धूर न काढता खाल्ली जाणारी तंबाखूही स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं कारण म्हणून नोंदवली आहे. तोंडाच्या कर्करोगाची चित्रं पाकिटावर छापून आली, त्यामुळे चुना-तंबाखू मळणाऱ्याला आणि सकाळी मिश्री लावणाऱ्या आजीला धोका गालापुरता वाटतो. दुसरी लक्ष ठेवायची गोष्ट म्हणजे उतारवयात अचानक उपटलेला मधुमेह. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्या शंभर जणांत साधारण एकालाच पुढच्या तीन वर्षांत हा कर्करोग निघतो, तेव्हा सगळ्यांनी घाबरून स्कॅन काढायची गरज नाही. पण घरात कुणाला मधुमेह नाही, वजन वाढलेलं नाही, उलट झरझर उतरतंय, तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगावं.

डोकं काढल्यावर उरलेलं स्वादुपिंड पुरेसा रस देईलच असं नाही. तेलकट, दुर्गंधीयुक्त, पाण्यावर तरंगणारा शौच सुरू झाला की विकरांच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात, बहुतेकदा जन्मभर. त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवतात, हे शाकाहारी रुग्णाला आधी सांगितलेलं बरं. आणि त्या जेवण झाल्यावर नव्हे, पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, जेवण लांबलं तर काही मध्येही. ताट उचलल्यावर गोळी घेणाऱ्या रुग्णाची तक्रार असते की औषध लागू पडत नाही, आणि तोवर अन्न पुढे निघून गेलेलं असतं.